बारामतीची इटालियन

परवा परत एकाने विचारलं, "ही बाईक रोज नेतोस?" आवाज असा की जणू मी चांदीच्या ताटात रोजचा वरणभात खातोय. सहाव्या मजल्यावरचा आहे, माणूस चांगला आहे, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळेना की हा काळजी करतोय की मला येडा समजतोय. म्हटलं हो, रोज नेतो, मुलुंड पूर्व ते लोअर परळ, जाऊन येऊन पन्नासेक किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस, आणि पाचव्या दिवशी वर्क फ्रॉम होम असलं तरी दूध संपलं की नेतो. तो "हं" म्हणाला आणि मोबाईलमध्ये बघायला लागला.

तर गाडी म्हणजे एप्रिलिया आरएस ४५७, साडेचारशे सीसीची स्पोर्ट्स बाईक. २०२४ च्या दिवाळी पाडव्याला घरी आणली, त्याला आता वर्ष होऊन गेलं, एक आख्खा पावसाळा झाला, साडेनऊ हजार किलोमीटर झाले. लिहायचं कधीपासून मनात होतं कारण या गाडीचे जे व्हिडिओ बघावे ते सगळे ट्रॅकवरचे, वळणावर गुडघा टेकवलेला वगैरे. माझा गुडघा वर्षभरात एकदाच टेकला, तो कुठे आणि कसा ते पुढे सांगतो.

आधी लोकांना फार पडलेला असतो तो प्रश्न, ही खरी इटालियन आहे का. कंपनी इटालियन, व्हेनिसजवळ नोआले म्हणून गाव आहे तिथली, महायुद्ध संपलं त्या १९४५ साली सायकली बनवायला सुरुवात केली होती, २००४ पासून पियाजिओ या दुसऱ्या इटालियन कंपनीच्या छत्राखाली. आणि पियाजिओचा आपल्याकडचा कारखाना कुठे, तर बारामती एमआयडीसीत. ही ४५७ जगात जिथे म्हणून विकतात, खुद्द इटलीतसुद्धा, ती बारामतीहून बोटीने गेलेली असते. त्याच कारखान्यातून व्हेस्पा निघते आणि गावोगावी माणसं, कोंबड्या, सिमेंटची पोती वाहणारी ती एपे टमटमपण तिथलीच. इटालियनमध्ये व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि एपे म्हणजे मधमाशी, हे मला गाडी घेतल्यावर कळलं आणि तेव्हापासून मी प्रत्येक एपेकडे जरा आदराने बघतो.

माझा मामा तिकडचाच, इंदापूरजवळचा. त्याला फोटो पाठवला, इटालियन बाईक घेतली म्हणून. त्याचा लगेच फोन. "कुठली रे?" "एप्रिलिया, बारामतीला बनते." "मग आमच्याच इथनं नेलीस की, इटालियन काय सांगतो!" विषय संपला. तसं बघायला गेलं तर पुणे जिल्हा हाच आता युरोप आहे, केटीएमच्या छोट्या गाड्या ऑस्ट्रियाच्या म्हणायच्या आणि बनतात चाकणला, ट्रायम्फची चारशे सीसी ब्रिटिश म्हणायची, तीपण चाकणला. फक्त व्हिसा लागत नाही, टोल लागतो.

आणि इटालियन गाडी घरात येण्याची ही काही पहिली वेळ नाही. आजोबांकडे लॅम्ब्रेटा होती. मूळची मिलानची, पण आपल्याकडे एपीआय कंपनी ती बनवायची, कारखाना भांडुपला, एलबीएस रोडवर, म्हणजे आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या लॅम्ब्रेटावर आजोबा, आजी, बाबा आणि आत्या असे चौघं गणपतीला गिरगावला जायचे म्हणे, बाबा पुढे उभे, हँडल धरून. त्या गाडीबद्दल "इटालियन आहे, जपून वापर" असं कोणी म्हटल्याचं ऐकलं नाही. दारात असायची आणि लागली की काढायचे, बस.

मला एप्रिलियाचं वेड लागलं ते नव्वदच्या दशकात. केबल नवीन आली होती, २५० सीसीच्या जागतिक रेसमध्ये मॅक्स बियाजी एप्रिलियावर ९४, ९५, ९६ अशी लागोपाठ तीन वर्षं चॅम्पियन, मग तो पोरगेला व्हॅलेंटिनो रॉसी ९७ ला १२५ मध्ये आणि ९९ ला २५० मध्ये, दोन्ही वेळा एप्रिलियावरच. आमच्या बिल्डिंगखाली तेव्हा सगळ्यात भारी गाडी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दादाची आरएक्स १००, आणि तिच्या सायलेन्सरचा आवाज ऐकून आम्ही डोळे मिटून रॉसी व्हायचो. पण म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर कर्ज काढून तेच घ्यायचं का, असं बायकोने विचारलं होतं, आणि त्याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

आता मुद्द्याचं. ही छोटी आहे म्हणूनच घेतली. मोठी परवडत नाही हेही खरंच आहे, लपवत नाही, पण परवडली असती तरी मुंबईत घेतली नसती. माझ्या एका मित्राकडे हजार सीसीची आहे, वजन दोनशे किलोच्या वर, रविवारी पहाटे पाचला काढतो, आठला परत आणून कव्हर घालतो, बाकी सहा दिवस ती पार्किंगमध्ये देवासारखी. आणि न्यायची तरी कुठे? सी लिंकवर बाईकला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी, जेजे फ्लायओव्हरवर बंदी, पुण्याला जायचं तर एक्सप्रेसवेवर बंदी. टॅक्स भरताना आपण वाहनधारक, चांगला रस्ता आला की आपण किरकोळ. मग राहिलं काय, तर ईस्टर्न एक्सप्रेस हायवे, सायन, दादर आणि गल्ल्या. तिथे दोनशे घोडे घेऊन काय करणार, टांग्याला जुंपणार?

या गाडीचा हिशोब मात्र मला फार आवडतो. युरोपात कमी वयाच्या नव्या चालकाला थेट मोठी बाईक देत नाहीत, मधला एक टप्पा आहे, ए-टू लायसन्स. त्याच्या अटी अशा की ताकद ३५ किलोवॅटच्या वर नको, म्हणजे ४७.६ पीएस (आपले घोडे), आणि वजनाच्या दर किलोमागे ०.२ किलोवॅटच्या वर नको. आता हिची ताकद बघा, ४७.६ पीएस. टाकी भरून वजन १७५ किलो. ३५ भागिले १७५ करा. बरोब्बर ०.२ येतं, पुढे एक आकडा नाही. त्यापेक्षा हलकी केली असती तर परीक्षेत नापास, जड केली तर विनाकारण बोजा. हा योगायोग असेल असं मला तरी वाटत नाही. आणि आपल्याकडे? स्प्लेंडरवर आरटीओच्या मैदानात इंग्रजी आठ काढायचा, पाय टेकवायचा नाही, झालं, त्या लायसन्सवर काय वाट्टेल ते चालवा. तर युरोपातल्या शिकाऊ पोरांसाठी केलेला तो हिशोब मुंबईतल्या चाळिशीच्या माणसाला फुकटात फिट बसला.

१७५ किलो म्हणजे काय ते सकाळी सव्वाआठला पार्किंगमध्ये कळतं. आमच्या सोसायटीत खांब आणि शेजाऱ्याची एसयूव्ही यांच्यामध्ये मला जी जागा मिळाली आहे तिथून गाडी उलटी ढकलत काढावी लागते, थोडा चढ आहे. सीट ८०० मिलीमीटर, माझी उंची पाच सात, दोन्ही पाय नीट टेकतात, मांड्यांनी टाकी धरायची, कंबरेने रेटायचं, दोन दमात बाहेर. मित्राच्या हजार सीसीला त्याच जागेतून काढायला आम्ही एकदा वॉचमनला बोलावलं होतं.

मग हायवे. ऐरोली सिग्नल, भांडुप, कांजूर, इथपर्यंत सगळ्यांसारखंच, ट्रक, स्कूलबस, मधूनच डिव्हायडरवर चढलेला एखादा टँकर. पण विक्रोळीचा पट्टा आला की दोन्हीकडे झाडं, हवा एकदम दोन अंश थंड लागते, हेल्मेटच्या फटीतून कळतं, आणि रस्ता थोडा वेळ मोकळा मिळतो. इथे तिसरा गिअर, चौथा, साठ-सत्तर, बस एवढंच, पण एवढ्यातही गाडी बोलते राव. मान वळवली तिकडे जाते असं म्हणतात ना, तसं. पुढे बस थांबली, डावीकडे गॅप दिसला, विचार केला आणि गाडी तिथे पोचलेलीपण. अंगात आल्यासारखं चालवत नाही मी, सांगून ठेवतो, चलान घरी येतं आणि बायको ते वाचते. मजा वेगाची नाहीच, मजा त्या वीस सेकंदांची आहे, आणि मुंबईत असे वीस सेकंद एका फेरीत सहा-सात वेळा मिळतात. मित्राच्या गाडीला मजा यायला एकशेवीसच्या पुढे जावं लागतं आणि तसा रस्ता आपल्या नशिबात कर्जतपर्यंत नाही.

हँडल क्लिप-ऑन आहे, म्हणजे एक अख्खा दांडा नाही, दोन बाजूंना दोन वेगळे तुकडे, पण वरच्या प्लेटच्या वर बसवलंय, त्यामुळे पूर्ण वाकून नमस्कार घालावा लागत नाही. पहिला आठवडा मनगटं दुखली. मग एक रायडर भेटला सायनच्या सिग्नलला, त्याने पाच सेकंदात सांगितलं, हातावर भार टाकू नका, पोट आत घ्या, मांड्यांनी टाकी दाबा. दुखणं गेलं. पोट मात्र आत गेलं नाही.

आरसे हा वेगळा विषय. आरसे बाहेर आलेले, आणि नेमके टॅक्सी आणि टेम्पोच्या आरशांच्या उंचीला. ॲक्टिवावाला ज्या फटीतून सळसळत निघून जातो तिथे मी थांबतो, आणि तो मागे वळून बघतो की एवढी गाडी घेऊन हा थांबला का. किंग्ज सर्कलला तर रोज एक काका स्कूटीवर मला मागे टाकतात, मागे डबा आणि छत्री, आता आमची ओळख झालीये, मान हलवतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडायला बंद केला आणि मग दादरच्या टिळक पुलावरून नाहीतर करी रोडवरून जायचं, तिथे सगळ्यांचीच गोगलगाय. अशा वेळी पहिला गिअर, अर्धा क्लच, आणि पंखा सुरू झाला की गरम वारा थेट नडगीवर. इंजिन दोन सिलिंडरचं, वर फेअरिंगचं, म्हणजे बाहेरच्या आवरणाचं, जाकीट, उभं राहिलं तर तापणारच, कुठलीही असली गाडी तापते. एप्रिल-मे मध्ये ऑफिसला पोचून जीन्स बदलावीशी वाटते. यावर माझा उपाय म्हणजे घरून साडेआठच्या आत निघणं, दुसरा नाही.

आता गुडघा. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मुलुंडच्याच एका गल्लीत, किराणा दुकानासमोर यू-टर्न घ्यायला गेलो. या गाड्यांचं हँडल स्कूटरसारखं पूर्ण वळत नाही, हे मला माहीत होतं, सात महिने झाले होते, पण त्या दिवशी डोक्यात दुसरंच काहीतरी चालू. अर्धं वळलो, हँडल अडकलं, समोर नाल्याचं झाकण, ब्रेक दाबला, डावा पाय टेकवायला गेलो तर तिथे जमीनच नाही, खोलगट, आणि वाळू. गाडी हळूऽऽ आडवी झाली, मीपण तिच्यासोबत, अगदी सावकाश, दुकानात उभी असलेली एक आजी "अगं बाई" म्हणेपर्यंत वेळ मिळाला. वेग शून्य. गुडघा टेकलेला.

मागून पाण्याचे जार घेऊन आलेला टेम्पो थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, म्हणाला, "दादा, सोडा सोडा, आधी किल्ली बंद करा, मी मागनं धरतो." दोघांनी मिळून उचलली. त्याने हाताने टाकीवरची वाळू झाडली, क्लचच्या वाकलेल्या लिव्हरकडे बघून "च्च" केलं आणि विचारलं, "कुठली गाडी?" मी त्याच्या टेम्पोकडे बघितलं. एपे होती. म्हटलं, "तुमच्याच माहेरची, बारामतीची." त्याला वाटलं डोक्याला लागलंय, कारण त्याने मला आधी पाणी पाजलं, जारमधलं, आणि मग हळूच विचारलं की घरी कोणाला फोन करायचाय का. लिव्हर नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने गरम न करता, लाकडी ठोकळा लावून, दहा मिनिटांत बऱ्यापैकी सरळ केली. किंचित वाकडी आहे अजून. बदलली नाही, राहू दे.

पाऊस. लोकांनी घाबरवलं होतं की पावसाळ्यात ठेवून दे. नाही ठेवली. रेन मोड आहे, त्यात एक्सिलरेटर जरा मवाळ होतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल जास्त जागरूक राहतं, मागचं चाक घसरायच्या बेतात आलं की इंजिनची ताकद आपोआप कमी होते. खरी परीक्षा पाण्याची नाही, लोखंडाची आहे. मेट्रोच्या कामासाठी रस्त्यावर टाकलेल्या पोलादी प्लेट्स, फ्लायओव्हरचे लोखंडी सांधे, आणि झेब्राचे पांढरे पट्टे, ओले झाले की साबण. एलबीएस रोड मेट्रो ४ मुळे कित्येक वर्षं उकरलेलाच आहे, तिथून मी पावसात जातच नाही. सांध्यावर गाडी सरळ ठेवायची, ना ब्रेक ना पिकअप, श्वासपण घ्यायचा नाही. दोनदा डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, चाक सुटलं असं वाटलं आणि परत धरलं गेलं. खड्ड्यांचं काय सांगू. सस्पेन्शन स्पोर्टी आहे, म्हणजे खड्डा इमानदारीत मणक्यापर्यंत पोचवतं. फूटपेगवर किंचित उभं राहायला शिकलो, टायरची हवा दर रविवारी तपासतो, रिम अजून गोल आहे.

आणि चेन. ॲक्टिवावरून आलेल्या माणसाला चेन म्हणजे घरात नवीन मूल. पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी पाचशे-सहाशे किलोमीटरला. पॅडॉक स्टँडवर मागचं चाक उचलायचं, जुना टूथब्रश, चेन क्लीनर, कडीकडीतून काळा चिखल निघतो, मग पुसून ल्यूबचा बारीक फवारा आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत. इंजिन चालू ठेवून हे करायचं नाही, बोटं जातात, मस्करी नाही. रविवारी सकाळी हे चालू असताना सोसायटीतली तीन-चार पोरं येऊन बसतात, एकाला चाक फिरवायचं काम मी कायमचं देऊन टाकलंय. त्याची आई वरून ओरडते, हात बघ काय केलेस.

सामानाची बोंब आहे. डिकी नाही, हुक नाही, भाजीची पिशवी अडकवायला काहीच नाही. मी टाकीवर चिकटणारी बॅग घेतली, मॅग्नेटची घ्यायला गेलो तर कळलं टाकीचं कव्हर प्लॅस्टिकचं, मग पट्ट्यांची. त्यात डबा, रेनकोट आणि परतीला अर्धा किलो मटार एवढं बसतं. मागची सीट नावाला आहे. बायको एकदा बसली, घाटकोपरपर्यंत, उतरून म्हणाली, "यापुढे मी लोकलने येते, तू ये मागनं." आई बसायच्या भानगडीतच पडली नाही, तिने लांबून बघितलं आणि विचारलं, "माणसांसाठी दुसरी घेणार का?"

पैशाचं थोडक्यात. आली तेव्हा एक्स-शोरूम ४ लाख १० हजार होती, मला ऑन-रोड पाचाच्या आसपास पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के झाला, आधी सेस धरून ३१ होता, म्हणजे माझी वेळ बरी साधली. ट्रॅफिकमध्ये मला लिटरला पंचवीस-सव्वीस देते, टाकी १३ लिटरची, पेट्रोल मुंबईत शंभरी कधीच ओलांडून बसलंय, हिशोब तुम्हीच करा, मी मुद्दाम करत नाही.

दसऱ्याला पूजा केली. हार क्लिप-ऑनला अडकवला तर वळतच नव्हतं, मग टाकीवर ठेवला, चाकाखाली लिंबू, नारळ. बाबा खाली आले होते. सत्तरीला आलेत, आजोबांच्या लॅम्ब्रेटावर गाडी शिकलेले, अकरा महिने या गाडीबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. म्हणाले, "चालू कर." केली. मान तिरकी करून ऐकत उभे राहिले, मग खाली वाकून सायलेन्सरजवळ कान नेला, आणि चेहरा गंभीर.

"मिसिंग मारतेय."

म्हटलं बाबा, नाही, ते तसंच असतं. या इंजिनचे दोन पिस्टन एकसारख्या अंतराने पेटत नाहीत, क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो फिरता दांडा, २७० अंशांची आहे, एक पेटला की दुसरा २७० अंशांवर पेटतो आणि मग पुढचा थेट ४५० अंशांनंतर, म्हणून ठोका लंगडा येतो, धग-धग, थांबून धग-धग, व्ही-ट्विनसारखा, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनसारखा. मुद्दाम केलंय तसं, मागच्या चाकाची पकड चांगली लागते म्हणतात, आवाजही येतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हाताने इंजिनावर एकदा थोपटलं, आजोबा लॅम्ब्रेटाला थोपटायचे म्हणे तसंच.

"बरोबर आहे," म्हणाले. "पण एकदा मिस्त्रीला दाखव. प्लगमध्ये कचरा असेल."

तेव्हापासून मी ऑफिसहून आलो की हेल्मेट काढायच्या आधी प्रश्न येतो, दाखवलीस का.